बिनधातूचा ट्रे

दार ती कधी आपटत नसे. घरातलंही नाही. कपाटाचा खण लावताना दुसरा हात पुढे धरायची आणि शेवटचा धक्का तळव्यावर झेलायची.

वजनकाट्यापाशी ती श्वास रोखून धरायची आणि काटा स्थिर झाला की सोडायची. पुढे पुढे ही सवय कुठेही उगवू लागली. बँकेच्या रांगेत, जिन्याच्या वळणावर. शेजारच्याला वाटायचं, बाईंनी उसासा टाकला.

उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक आधी खायची. पांढरं बशीच्या कडेला सारायची आणि म्हणायची, "हे ऑफिसचं." शेवटी तेही खायची, पण घरी आणलेलं काम उरकावं तसं.

चष्मा कपाळावर असायचा आणि ती तो टेबलावर शोधायची. कोटाच्या उजव्या खिशात मेणाचा तुकडा. लाँड्रीवाल्यानं दोनदा ताकीद दिली होती.

कुणी काही विचारलं तर "बघू" म्हणायची. होकार असला तरी बघू, नकार असला तरी बघू. कुठला बघू कुठल्या जातीचा, हे ओळखायला माणसाला काही वर्षं लागत.

या सवयी आता कुणाच्याच नाहीत.

संस्थेत तिला सगळे ताई म्हणत. पाठीमागे सासूबाई. तिनं लग्न केलं नव्हतं. पण ती ज्या खोलीत काम करी तिथल्या फळीला कुणाचा चुकून धक्का लागला, तर ती मान वर करून ज्या नजरेनं पाहायची त्या नजरेला दुसरं नाव नव्हतं. हे टोपणनाव तिच्या कानावर आलं होतं. एकदा चहाच्या वेळी ती शांतपणे म्हणाली, "सासू व्हायला आधी नवरा लागतो. एवढं तरी शिकून घ्या, मग डॉक्टरेट करा." चहा प्यायला बसलेले सगळे कपात बघू लागले.

तिचं काम सांगायला सोपं होतं. अंड्याच्या पांढऱ्या भागात एक एन्झाइम असतं. ते जंतूंची भिंत फोडतं, आतल्या पिल्लाची राखण करतं. संस्थेत ते बाटलीतून यायचं, पांढरी भुकटी होऊन. ताई त्याचे स्फटिक करायची. भुकटीचं पाणी करायचं, त्यात मीठ घालायचं, त्याचा थेंब काचेच्या छोट्या चकतीवर ठेवायचा. मग चकती उलटी करून ट्रेमधल्या खड्ड्यावर झाकणासारखी बसवायची. खड्ड्यात आणखी खारट पाणी. कडेला ग्रीस, म्हणजे हवा आत शिरत नाही. थेंब तसाच लोंबकळत राहतो. त्यातलं पाणी हळूहळू खालच्या पाण्याकडे जातं, आणि काही दिवसांनी थेंबात कंगोरे दिसू लागतात. खडीसाखरेसारखे, पण इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवू नये.

ते मीठ साधंच असायला हवं असं नाही. तिच्या फळीवर धातूंची मिठं होती. कोबाल्टचं गुलाबी, निकेलचं हिरवं, तांब्याचं निळं. यातलं एखादं थेंबात घातलं की धातू त्या एन्झाइममध्ये जाऊन ठरावीक ठिकाणी बसतो. ताई नव्या विद्यार्थ्यांना सांगायची, "पाहुणा आला की नेमकी तीच खुर्ची धरतो. मग घरातल्या सगळ्यांना थोडं थोडं सरकावं लागतं. कोण किती सरकलं, तेवढंच आपण मोजतो." स्फटिक म्हणजे एकसारख्या पेट्यांची रास. क्ष-किरणांच्या यंत्रात तो धरला की एका पेटीची लांबी-रुंदी कळते. ती लांबी किती बदलली, यावर माणसं पदव्या घेत, लेख लिहीत, परदेशी जात. ताई स्फटिक करून द्यायची. लेखांच्या शेवटी, आभारांच्या परिच्छेदात, तिचं नाव असायचं. तिनं ती पानं कधी जपून ठेवली नाहीत. "आभार म्हणजे जेवण झाल्यावरची बडीशेप," ती म्हणायची. "जेवण दुसऱ्यांचं झालेलं असतं."

या वर्षी मात्र तिचं नाव पहिलं होतं.

विभागाच्या सरांनीच आग्रह धरला होता. वर्षअखेरीला ताई निवृत्त होणार होती. कोबाल्टचं काम तिनं एकटीनं केलं होतं, मीठ विरघळवण्यापासून मोजणीपर्यंत. निष्कर्ष छोटा पण स्वच्छ होता. कोबाल्ट आत बसला की पेटी एका बाजूनं आक्रसते. दुसऱ्या कुठल्या धातूनं एवढी आक्रसत नाही. परीक्षकांनी लेख मान्य केला होता. छपाईआधीचं शेवटचं प्रूफ आलं होतं. ताईनं ते घरी नेलं, भावाला दाखवलं.

भाऊ तिच्याहून मोठा. घड्याळजी होता. बायको गेल्यावर आणि दुकान बंद झाल्यावर दोघं एकाच घरात राहू लागली. त्यानं भिंग डोळ्याला लावून तिचं नाव पाहिलं, जसा पूर्वी चाकावरचा नंबर पाहायचा.

"सगळ्यांच्या आधी," तो म्हणाला.

"हो."

"आमच्याकडे आधी नाव कंपनीचं. घड्याळजीचं नाव फक्त शिव्या द्यायच्या वेळी."

ती हसली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि थकलेल्या माणसाच्या अंगावर ते लगेच दिसतं.

लॅबमध्ये त्याच वर्षी एक नवी संशोधक आली होती. तिशी ओलांडलेली, चटपटीत, बाहेरून डॉक्टरेट घेऊन आलेली. ताईला सासूबाई म्हणणाऱ्यांनी हिचं नाव पहिल्याच दिवशी सूनबाई ठेवून टाकलं. ती रागावली नाही. "घर चांगलं दिसतंय," एवढंच म्हणाली. ताईला ती आवडली आणि म्हणूनच ताईनं तिला पहिले काही महिने धड उत्तर दिलं नाही.

सूनबाईला तांबं आणि कोबाल्ट एकाच स्फटिकात बसवायचे होते. त्याआधी नुसता कोबाल्ट घालून बघावा, म्हणून तिनं ताईच्याच पद्धतीनं काही थेंब लावले. स्फटिक आले. तिनं मोजले. मग दोन दिवस ती ताईच्या खोलीच्या दाराशी येऊन परत जात होती. तिसऱ्यांदा ताईनं मान वर न करता विचारलं.

"काय गं? माझ्या दाराचं माप घेतेस का?"

"ताई, माझी पेटी आक्रसत नाही."

"कुठली?"

"कोबाल्टची. जवळजवळ साध्यासारखीच येते."

"मीठ कुठल्या बाटलीतलं घेतलंस?"

"तुमच्याच."

"भुकटी?"

"तुमचीच. पाणीही तुमच्याच कॅनमधलं. ग्रीससुद्धा तुमचं घेतलं, न विचारता. सांगून टाकते."

"ग्रीसबद्दल नंतर बोलू." ताईनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "चुकलं असेल काहीतरी."

"हो. माझंच चुकलं असणार," सूनबाई म्हणाली. ती खरंच तसं मानत होती. "म्हणून आले. मी स्फटिक नळीत भरताना तुम्ही बघाल का?"

हे काम म्हणजे सगळ्या कामाची मान. उलटी चकती उचलून सुलटी करायची. थेंब उघडा होतो. त्यातून सुईनं एक स्फटिक हलकेच वेगळा करायचा, केसाएवढ्या काचेच्या नळीत ओढायचा, आजूबाजूचं जास्तीचं पाणी टिपायचं, दोन्ही टोकं मेणानं बंद करायची. स्फटिकाच्या आत निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. ते उडालं तर तो विटतो. म्हणून हात चालला पाहिजे. ही कला विभागात ताईनं आणली होती. सर स्वतः विद्यार्थी म्हणून आले तेव्हा तिच्याकडेच शिकले होते आणि पहिल्या महिन्यात त्यांनी इतक्या नळ्या मोडल्या होत्या की तिनं त्यांचं नाव 'काचवाला' ठेवलं होतं.

सूनबाई बसली. चकती उचलली. सुई आत गेली, नळी आली, मेण लागलं.

"झालं," ती म्हणाली.

ताईला वाटलं, अजून सुरूच व्हायचंय.

"पुन्हा कर."

सूनबाईनं दुसरा भरला. पुन्हा तसंच. पापणी लवेपर्यंत नाही, पण चहा ओतून कप सरकवावा इतक्यात. काही चुकलं नव्हतं. ताईनं तसं सांगितलं. सूनबाईचा चेहरा उजळायला हवा होता, तो उलट पडला.

दुपारी लॅब रिकामी झाल्यावर ताईनं आपला एक थेंब घेतला. कोबाल्टचा, फिकट गुलाबी. चकती उलटवली. सुई उचलली. अंगठ्याच्या बुडाशी कळ होती, ती आता जुनी होती. तिनं हात टेबलाला टेकवला, थांबली, पुन्हा नेला. स्फटिक निसटला. पुन्हा धरला. नळीचं तोंड एकदा चुकलं. शेवटी तो आत आला, आणि तिनं मान खाली करून उरलेल्या थेंबाकडे पाहिलं.

थेंबाच्या कडेला साय आली होती. पातळ, दुधावर येते तशी.

ही साय तिनं वर्षभर पाहिली होती. कोबाल्ट घातलेल्या थेंबावर साय येते, असं ती मनाशी धरून चालली होती. कोबाल्टचा स्वभाव. तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं, इतकी ती गोष्ट साधी वाटली होती. सूनबाईच्या थेंबावर साय नव्हती. तोच कोबाल्ट होता.

साय म्हणजे पाणी उडालेलं. पाणी उडालं की पेट्या आक्रसतात. धातू असो वा नसो.

पण मग बिनधातूचे स्फटिक का आक्रसले नाहीत? ज्यांच्याशी तिनं तुलना केली होती ते साध्या मिठाचे? उत्तर तिला प्रश्नाच्या आधीच ठाऊक होतं. ते तिनं या वर्षी मोजलेच नव्हते. बिनधातूची पेटी कोण पुन्हा मोजतं? तो विभागातला पाढा होता. सगळे तोच आकडा वापरत. तो आकडाही तिचाच होता, तिनंच मोजलेला. पण हात चालत होते त्या काळातला.

म्हणजे लेखात एका बाजूला तिचे तेव्हाचे हात होते आणि दुसऱ्या बाजूला आत्ताचे. मधल्या फरकाला ती कोबाल्ट म्हणत होती.

डोक्यावरची ट्यूबलाइट फडफडत होती. महिनाभर तक्रार केली होती, कुणी आलं नव्हतं. मग तिनं सुई पुसून जागेवर ठेवली, दार न आपटता लावलं आणि बस पकडली. बसमध्ये जागा मिळाली नाही. एका बाईनं उठून जागा दिली तेव्हा तिला त्या बाईचा राग आला.

घरी भाऊ कांदा चिरत होता. हल्ली तो चिरायचा, कारण ती चिरायला लागली की वेळ लागे. हेही तिला आत्ताच कळलं.

"दादा, दुकान का बंद केलंस?"

"गिऱ्हाईक कमी झालं म्हणून. तुला माहीत आहे."

"खरं सांग."

त्यानं सुरी खाली ठेवली. "आज काय झालं, धाकटे?"

"आधी तू सांग."

"एकाचं घड्याळ परत आलं," तो म्हणाला. "मागे पडायचं. मी पुन्हा उघडलं, लावलं. पुन्हा परत. गिऱ्हाईक भला माणूस. म्हणाला, घड्याळ जुनं झालंय. मीही म्हटलं, हो, घड्याळ जुनं झालंय. दोघांना बरं वाटलं."

"मग?"

"मग एक जण नवं कोरं घड्याळ घेऊन आला. नुसता पट्टा आणि तेलपाणी. तेही परत आलं." त्यानं बोटं उघडली, मिटली. "आता नव्या घड्याळाला काय म्हणणार?"

त्यानं कांदा पातेल्यात टाकला.

"तुझे हात कधीपासून असे आहेत ते मला माहीत आहे," तो पाठमोरा म्हणाला. "तुझ्या हातून गाळणी पडली होती त्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू मला दुकानाबद्दल बोललीस का?"

ती नव्हती बोलली. तिनंही पाहिलं होतं. जेवताना तिनं त्याला कोबाल्टचं सगळं सांगितलं. त्यावर तो एवढंच म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. तू उलटं केलंस की. तू अंगणाचा सत्कार ठेवलास." तिला हसू आलं आणि ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. भावानं पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि दुसरीकडे पाहत बसला.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली. चारचौघांत ती त्यांना सर म्हणायची. दार लावलं की 'अरे'.

"अरे, प्रूफ पाठवलंस का?"

"आत्ता पाठवतोय. का हो? स्पेलिंग राहिलं काही?"

"पाठवू नकोस."

तिनं सगळं सांगितलं. साय, सूनबाई, जुना आकडा. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची रीत नव्हती. सर ऐकत होते. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता, डोळ्यांखाली काळं होतं, आणि मध्येच फोन वाजला तो त्यांनी न बघता बंद केला.

"परीक्षकांनी नाही पकडलं हे," ते शेवटी म्हणाले.

"परीक्षकांना माझे हात दिसत नाहीत."

"कदाचित थोडं हातामुळे असेल, थोडं कोबाल्टमुळे. अगदीच सगळं नसेल तुमचं."

"असेलही. तेच तर माहीत नाही."

"आत्ता छापू. नंतर दुरुस्ती टाकता येते. लोक टाकतात."

"नंतर मी इथं नसेन. दुरुस्तीवर कुणाचं नाव घालशील?"

सर खुर्चीत मागे रेलले. "ताई, मी तुमचं नाव पहिलं घालायला किती वर्षं थांबलोय, तुम्हाला कल्पना आहे का?"

"थांबलास, म्हणून तर सांगायला आले. नाहीतर गप्प बसले असते. आभारात चूक कुणाला दिसते?"

ते हसले नाहीत. "मग असं करू. सूनबाईला सांगू. कोबाल्टचे आणि बिनधातूचे, दोन्ही ती मोजेल. तिचा हात चांगला आहे. आठवड्यात निकाल."

"तो मग तिचा निकाल. तिनं खुशाल मोजावा, खुशाल छापावा. माझा आकडा खरा की खोटा, ते त्यानं कळत नाही." ती टेबलाच्या कडेला हात टेकवून उभी होती. "कोबाल्टचे मी मोजलेत, या हातांनी. आता बिनधातूचेही याच हातांनी मोजायला हवेत. तितक्याच सावकाश. ते आक्रसले, तर सगळं माझं. नाही आक्रसले, तर कोबाल्टचं. हात वाईट असला तरी चालतो रे. एकच हवा."

"आणि आक्रसले तर?"

"तर प्रूफ फाडून टाक."

"आणि तुम्ही?"

"बघू," ताई म्हणाली.

सरांना तिच्या बघूची ओळख होती. त्यांनी यंत्राच्या वेळापत्रकात कुणाची तरी पाळी पुढे ढकलून तिला जागा करून दिली आणि छपाईवाल्यांना कळवलं की प्रूफ परत पाठवायला उशीर होईल.

ताईनं त्याच दिवशी ट्रे लावला. साधं मीठ, साधी भुकटी, रंग नाही. सूनबाई दाराशी आली.

"मी खड्डे भरून देऊ का?"

"नको. मग कुणाच्या हाताचं म्हणायचं?"

"निदान ग्रीस तरी? माझं घ्या. तुमचं मी संपवलंय."

"तेवढं दे."

सूनबाईनं ग्रीसची ट्यूब ठेवली, पण गेली नाही. "ताई, मी नसते आले सांगायला तर बरं झालं असतं."

"कुणाला?"

सूनबाईनं ट्यूबचं झाकण उघडून दिलं.

"कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणणार होते मी तुला," ताई ग्रीस लावत म्हणाली. "काल बसमध्ये अगदी तयार केलं होतं वाक्य. आता जिवावर येतंय. जा. आणि ते जिन्याचं दार आपटतं, त्यात काहीतरी घाल."

सूनबाईनं जिन्याच्या दारात आपला जुना स्वेटर घडी करून घातला. तो पुढे कुणी काढला नाही.

स्फटिक यायला वेळ लागतो. त्या दिवसांत ताई नेहमीसारखी येत होती. मिठाच्या बाटल्या पुसल्या, त्यांच्या चिठ्ठ्या नव्या केल्या. दुपारी खुर्चीत डोळे मिटायची, ते पूर्वी कधी केलं नव्हतं. जिना चढताना मधल्या वळणावर थांबून श्वास रोखायची आणि सोडायची. सगळ्यांना ती जुनी सवय वाटली. भावाला ती रात्रीच्या जेवणाला म्हणाली होती, "दमले रे. कामानं नाही. हात सांभाळून सांभाळून."

"मग सांभाळू नकोस. थरथरू दे," तो म्हणाला. "मी दिले सोडून. आता त्यांचं ते बघतात."

एका सकाळी तिनं ट्रे सूक्ष्मदर्शकाखाली धरला. स्फटिक आले होते. रंगहीन, स्वच्छ, सगळे कंगोरे जागेवर. सूनबाईनंही डोळा लावला.

"केवढे सुरेख आलेत," ती म्हणाली. "आज भरणार?"

यंत्र मोकळं होतं. नळ्या होत्या. ताईनं सुई, चिमटा, टिपायचा कागद घडी केलेल्या पांढऱ्या फडक्यावर मांडून ठेवला होता. खिशातून मेणाचा तुकडा काढून तिनं तोही शेजारी ठेवला. बसली. पहिल्या चकतीवर बोट ठेवलं. मग काढून घेतलं.

"उद्या बघू," ती म्हणाली.

ती दमली होती की घाबरली होती, हे सूनबाईला कळलं नाही. विचारलंही नाही. विचारलं असतं तरी एकाच शब्दात उत्तर आलं असतं. ताईनं ट्रे फळीवर ठेवला, जिथं कुणाचा धक्का लागत नाही तिथं. कोट खुंटीला लावला. स्वेटर घातलेल्या दारातून आवाज न करता बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूट घालायला खुर्चीत बसली होती. एक बूट पायात होता. भाऊ तिच्या डब्याला झाकण लावत होता. त्यानं मागे वळून पाहिलं तेव्हा तिनं श्वास रोखला आहे, असं त्याला वाटलं. तो थांबला. ती सोडेल म्हणून थांबला. त्यानं हे सगळ्यांना सांगितलं, एकाच आवाजात, पुन्हा पुन्हा. "मी थांबलो. मला वाटलं, काटा स्थिर व्हायचाय."

डॉक्टर म्हणाले, हृदय. बरेच दिवस कुरकुरत असावं. तिनं सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

सर प्रूफ घेऊन घरी आले होते. का आणलं ते त्यांनाच माहीत नव्हतं. भावानं ते हातात घेतलं, पण या वेळी भिंग लावलं नाही.

"हे आता छापणार?" त्यानं विचारलं.

"त्यांनी थांबवायला सांगितलंय."

"मग थांबवा."

"आम्ही मोजू शकतो. दुसऱ्या कुणाच्या हातानं. कोबाल्टचं खरं काय ते कळेल."

"ते तुमचं तुम्ही बघा. तिचं बरोबर होतं का चूक, ते कळेल का?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. "नाही," ते म्हणाले. "ते नाही कळणार."

भावानं प्रूफाची घडी केली आणि परत दिलं. त्याचे हात थरथरत होते. त्यानं ते लपवले नाहीत.

सूनबाईनं एकदा प्रयत्न केला. ताईच्या खुर्चीत बसली, ट्रे पुढे घेतला, सुई उचलली आणि हात हळू चालवून पाहिला. पण तिचा हात हळू चालत नव्हता, नुसता थांबत होता. मध्ये थांबायचा आणि मग नेमका जायचा. कळ कुठे येते, नळीचं तोंड कुठे चुकतं, पुन्हा धरताना किती वेळ जातो, हे तिला कसं कळणार? एकही चकती न उचलता तिनं सुई परत फडक्यावर ठेवली.

ट्रे अजून फळीवर आहे. ग्रीस चांगलं लागलंय, एकाही थेंबावर साय नाही. आत स्फटिक आहेत, ज्यांत फक्त साधं मीठ आहे. यंत्राच्या वेळापत्रकात ताईच्या नावापुढची जागा कुणी खोडलेली नाही. फडक्यावर चिमटा, सुई, टिपायचा कागद. शेजारी मेणाचा तुकडा, त्यावर अंगठ्याचा ठसा. पहिल्या चकतीच्या काचेवर तिच्या बोटाचा एक पुसट डाग आहे. तिथून उचलायचं राहिलंय.